अंगणवाडी : गावाची पहिली शाळा

महाराष्ट्रातील गावांत, वाड्या-वस्त्यांवर आणि पाड्यांवर आज एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. एखाद्या गावात बँक नसेल, दवाखाना नसेल, माध्यमिक शाळाही नसेल. पण अंगणवाडी बहुधा असतेच. घराचा उंबरठा ओलांडल्यावर ग्रामीण मुलाचा ज्या सार्वजनिक संस्थेशी सर्वप्रथम संबंध येतो, ती संस्था हीच होय. असे असूनही अंगणवाडी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे खिचडीचे पातेले, वजनकाटा आणि लसीकरणाचा दिवस एवढेच चित्र उभे राहते. ही सर्व कामे मोलाची आहेत, यात शंका नाही. परंतु अंगणवाडीचा आणखी एक मूळ हेतू आहे आणि तो म्हणजे बालकाचे शिक्षण. तोच हेतू अनेकदा नजरेआड होतो.

तो नजरेआड होण्याचे प्रकार दोन आहेत. एवढ्याशा मुलाला काय शिकवायचे, त्याने खावे, खेळावे आणि सांभाळले जावे, इतके पुरे, असे मानणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकाचा. तिसऱ्या वर्षी मुलाच्या हाती पाटी द्यावी, चौथ्या वर्षी त्याने मुळाक्षरे गिरवावीत आणि पाचव्या वर्षी शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणून दाखवावेत, अशी त्याची अपेक्षा असते. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. पण दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे. शिक्षण म्हणजे अक्षरे आणि आकडे, ही ती समजूत होय. एक पक्ष ते शिक्षण लांबणीवर टाकतो, तर दुसरा त्याची घाई करतो. पहिल्या सहा वर्षांचे म्हणून एक स्वतंत्र शिक्षण असते, त्याची रीत वेगळी असते व त्याची उणीव पुढे भरून काढणे कठीण असते, याची जाण दोहोंनाही नसते. ही जाण महाराष्ट्राला नवीन नाही. अंगणवाडीचा उगमच तिच्यातून झालेला आहे.

अंगणातून अंगणवाडीकडे

इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहराच्या सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. लहान मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने व स्वतःच्या आवडीने शिकते, हे तेथील अनुभवातून त्यांनी जगापुढे मांडले. भारतात हा विचार रुजविण्याचे मोठे काम गुजरातेत भावनगर येथे झाले. वकिली सोडून शिक्षणकार्यात आलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई मोडक तेथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयातील प्रतिष्ठेचे पद सोडून त्या आल्या होत्या. या दोघांच्या प्रयत्नांतून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादर येथे १९३६ साली शिशुविहार सुरू करून मराठी मुलांसाठी या पद्धतीची पायाभरणी केली.

रोममध्ये गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत भारतात मात्र प्रामुख्याने शहरांतील सुस्थित घरांपुरती राहिली. तिची घोटीव लाकडी साधने महाग होती, त्यासाठी स्वतंत्र इमारत लागे आणि शिक्षिकेच्या प्रशिक्षणालाही बराच काळ द्यावा लागे. खेड्यातील मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंपुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला होता आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या आणि १९९२ साली निधन होईपर्यंत डहाणूचा परिसर हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

बोर्डीतील पहिला अनुभव बोलका होता. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली ती पाड्यांवरची आणि वस्त्यांवरची मुले तिच्याकडे फिरकेनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात, मोठी मुले गुरांमागे आणि धाकटी कोणाच्या तरी कडेवर. तेव्हा मुले येत नाहीत म्हणून बालवाडी बंद करण्याऐवजी बालवाडीच मुलांकडे नेण्यात आली. शिक्षिका पाड्यावर जात, एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घेत, मुलांना गोळा करीत, त्यांचे हातपाय धुऊन केस विंचरून देत आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ सुरू होत. या अंगणातल्या बालवाडीला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. आज देशभर रूढ झालेला शब्द तो हाच.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. लाकडी ठोकळ्यांची जागा शंख-शिंपले, खडे, चिंचोके, निरनिराळ्या बिया, पाने, फुले आणि काड्या यांनी घेतली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद ओळखायला बाजारातून काही आणावे लागत नाही, हे बोर्डीने दाखवून दिले. सुमारे दशकभरानंतर हे केंद्र जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. यामागील हिशेब व्यवहाराचा होता. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून जी मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, ती आता भावंडाला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकत होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच ‘कुरणशाळा’ भरू लागली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री देऊन शासनाने या कार्याचा गौरव केला.

या इतिहासातून एक तत्त्व स्पष्ट होते. अंगणवाडी म्हणजे शहरातील शिशुवर्गाची कमी खर्चाची नक्कल नव्हे. मुलाचे घर, त्याची बोली, त्याच्या परिसरातील वस्तू आणि त्याच्या आईबापांचे कामाचे वेळापत्रक यांना धरून शिक्षणाची मांडणी करणे, हा तिचा गाभा आहे.

आहाराबरोबर संवादही हवा

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी ही राष्ट्रीय योजनेचा पाया बनली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालेय-पूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे सोपविण्यात आल्या. योजनेच्या नावातील ‘एकात्मिक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मुलाचे पोट, त्याचे आरोग्य आणि त्याची बुद्धी यांचे तुकडे करता येत नाहीत, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात मात्र जे मोजता येते त्याकडे लक्ष जाते. वजन मोजता येते, आहाराची पाकिटे मोजता येतात, लसींच्या नोंदी तपासता येतात. मुलाशी कोणी किती बोलले, याची नोंद कोठेच होत नाही.

या न मोजल्या जाणाऱ्या गोष्टीचे मोल किती, हे जमैका या देशात झालेल्या एका अभ्यासाने दाखविले आहे. तेथील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांची निवड करण्यात आली. त्यांचे वय ९ ते २४ महिने होते. त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाला दुधाचा पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटातील मुलांच्या घरी एक आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन, घरगुती वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांच्या साह्याने, मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवीत असे. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले, तर चौथ्याला यांपैकी काहीच नाही. हा उपक्रम दोन वर्षे चालला. वीस वर्षांनंतर याच व्यक्तींचा पुन्हा अभ्यास झाला. बालपणी ज्यांच्याशी असा खेळ-संवाद झाला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले आणि हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. केवळ पूरक आहाराचा असा दीर्घकालीन परिणाम त्या अभ्यासात दिसला नाही.

यावरून आहार गौण आहे, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. भुकेले मूल खेळत नाही आणि आजारी मूल शिकत नाही. तात्पर्य एवढेच की, आहाराने शरीराला जी शक्ती मिळते तिचे बुद्धीत रूपांतर होण्यासाठी माणसाचा सहवास, बोलणे आणि खेळणे आवश्यक असते. मेंदूची वाढ ही केवळ आकाराची वाढ नसते. मेंदूतील पेशींमध्ये परस्पर जोडण्या तयार होतात. ज्या जोडण्या वापरल्या जातात त्या दृढ होतात व ज्या वापरल्या जात नाहीत त्या गळून पडतात. मूल आवाज करते, आई प्रतिसाद देते, मूल पुन्हा आवाज करते. या साध्या देवघेवीतून या जोडण्या बळकट होत जातात. मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद केले आहे, त्याचा व्यावहारिक अर्थ हा आहे.

खेळातून काय घडते

अंगणवाडीत मुले नुसती खेळतात, अशी तक्रार पालकांकडून पुष्कळदा ऐकू येते. या ‘नुसत्या’ खेळात काय घडत असते, हे नीट पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम अंकांचा विचार करू. चार वर्षांचे मूल एक ते वीस अंक ओळीने म्हणते, म्हणून त्याला वीसपर्यंत मोजता येते असे मानले जाते. त्याच मुलापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवून ‘यातले सात दे’ असे सांगावे. पुष्कळदा ते मूठभर चिंचोके उचलून देते. म्हणणे आणि मोजणे यांत हे अंतर आहे. एका वस्तूला एकच अंक, एकही वस्तू सुटू नये आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे एकूण संख्या, ही तीन सूत्रे उजळणीच्या पाठांतराने कळत नाहीत. प्रत्येक मुलासमोर एक ताटली, प्रत्येक ताटलीत एक वाटी, अशी मांडामांड करताना ती हाताला कळतात व मग मनाला कळतात. आहार वाटपाची वेळ ही अशा रीतीने गणिताची उत्तम तासिका ठरू शकते.

विचारशक्तीचेही तसेच आहे. उंच पेल्यातील पाणी पसरट भांड्यात ओतले, तर या वयातील बहुतेक मुलांना पाणी कमी झाले असे वाटते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी अशा साध्या प्रयोगांतून बालकाच्या विचारपद्धतीचा अभ्यास केला. पाणी तेवढेच आहे, हे मोठ्याने सांगून मुलाला पटत नाही. पाणी आणि वाळू शेकडो वेळा ओतून, भरून, सांडून पाहिल्यावर ते हळूहळू उमगते. मुलाने पाण्यात खेळणे हा खोडकरपणा नसून त्याचा अभ्यास असतो, तो या अर्थाने.

लेखनाची पूर्वतयारी हाही गैरसमजाचा विषय आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील सर्व हाडे अद्याप पक्की झालेली नसतात आणि बोटांच्या बारीक स्नायूंवर त्याचा ताबा बसलेला नसतो. अशा हाताने चौकटीत अक्षर बसविण्याचा आग्रह धरला की मूल पेन्सिल घट्ट आवळते, हात दुखतो आणि लिहिण्याविषयी मनात नावड बसते. याउलट माती मळणे, मणी ओवणे, शेंगा सोलणे, कागद फाडून चिकटविणे, धूळपाटीवर बोटाने रेघोट्या ओढणे या कामांतून तेच स्नायू आपोआप तयार होतात. देवनागरी अक्षरे म्हणजे अखेर उभ्या-आडव्या रेषा, तिरप्या रेषा, वर्तुळे आणि वळणे यांचाच मेळ असतो. डहाणूच्या परिसरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढल्या जाणाऱ्या वारली चित्रांत रेषा, त्रिकोण आणि वर्तुळ हेच मुख्य आकार असतात. अंगणातील रांगोळीही हेच शिकविते. ज्या मुलाने असे आकार मनसोक्त काढले आहेत, त्याला पुढे अक्षर काढणे जड जात नाही.

वाचनाची सुरुवात तर डोळ्यांपेक्षा कानांनी होते. बडबडगीते म्हणताना टाळ्यांचा ठेका धरला की ‘कमळ’ या शब्दात तीन ध्वनी-खंड आहेत, ‘मोर’ आणि ‘चोर’ यांचा शेवट सारखा आहे, हे मुलाच्या कानाला जाणवते. मराठी लिपीत अक्षर हे उच्चाराच्या खंडाशी जोडलेले असल्याने ही जाण पुढे थेट उपयोगी पडते. रोज गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला आधी काय घडले, मग काय घडले आणि तसे का घडले, याचा क्रम लावता येऊ लागतो. मोठेपणी उतारा वाचून त्याचा अर्थ लावण्याची क्षमता ज्यावर उभी राहते, तो पाया हा होय.

याखेरीज आणखी एक गोष्ट खेळात घडते. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरल्यावर रडू आवरणे, दुसऱ्याला खेळणे देणे आणि नियम पाळणे, हे सर्व मूल खेळताना शिकते. पहिलीच्या वर्गात टिकून राहण्यासाठी अक्षरओळखीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हे गुण उपयोगी पडतात.

घरच्या बोलीचे स्थान

बोलण्यातून बुद्धी घडते असे म्हटले की, कोणत्या भाषेत बोलणे, हा प्रश्न ओघानेच येतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न नाजूक आहे. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. गडचिरोलीच्या जंगलभागात बोलली जाणारी गोंडी द्राविड कुळातील आहे. या भाषांचा मराठीशी कुळाचा संबंध नाही. तेथील तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत आले आणि सारे बोलणे प्रमाण मराठीत सुरू झाले, तर ते मूल गप्प बसते. त्याच्या गप्प बसण्याला मंदपणा समजले जाते. वस्तुतः ते मूल घरी अखंड बोलत असते. मराठीच्याच वेगळ्या बोली बोलणाऱ्या मुलांचीही अडचण कमी-अधिक प्रमाणात अशीच असते. त्यांचा शब्द ‘चुकीचा’ ठरवून दुरुस्त केला की ती पुन्हा बोलण्यास धजत नाहीत.

भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये सांगितले आहे. अंगणवाडीत तर हे तत्त्व अधिकच लागू पडते. त्यासाठी मोठी तरतूद लागते असे नाही. सेविका किंवा मदतनीस यांपैकी एक जण तरी मुलांची बोली बोलणारी असावी, गावातील आजी-आजोबांना आठवड्यातून एकदा गोष्टी सांगण्यास बोलवावे, मुलांच्या बोलीतील गाणी जमवून ती म्हणावीत. घरच्या भाषेत मोकळेपणाने विचार करणारे मूल मराठीही लवकर आत्मसात करते. एका भाषेची पायरी तोडून दुसरीवर चढता येत नाही.

अक्षरांची घाई

अलीकडच्या काळात खेड्यापर्यंत पोचलेला आणखी एक प्रश्न म्हणजे खाजगी शिशुवर्गांचा. गणवेश, दप्तर, वह्या आणि इंग्रजी कविता यांमुळे पालकांना तेथे ‘खरे शिक्षण’ दिसते. मजुरीतून काटकसर करून फी भरणाऱ्या पालकांची आस्था खरी आहे. तिची टिंगल करणे योग्य नव्हे. आपल्याला न मिळालेले शिक्षण मुलाला मिळावे, ही त्यांची इच्छा असते आणि वहीतील लिखाण हा त्यांना दिसणारा एकमेव पुरावा असतो. या स्पर्धेच्या दडपणाने काही अंगणवाड्यांतही गिरविणे व घोकणे सुरू होते आणि जे अंगणवाडीचे बलस्थान तेच ती गमावून बसते.

शासनाचे धोरण याबाबत स्पष्ट आहे. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्नशील राहावे, असे तत्त्व घातले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत स्तर मानला. त्यात अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन वर्षे जोडली गेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वयोगटासाठी पाठ्यपुस्तके नसावीत, खेळ, गोष्टी, वस्तू आणि परिसर यांतूनच शिक्षण व्हावे, अशी दिशा दिली. महिला व बाल विकास मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम हाती घेतला आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम व तीन वर्षांखालील बालकांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा उपलब्ध करून दिला. बोर्डीच्या अंगणात १९४५ साली जे अनुभवाने हाती आले, त्यावर राष्ट्रीय धोरणाने अशा प्रकारे शिक्कामोर्तब केले आहे. आता प्रश्न धोरणाचा नसून ते प्रत्येक अंगणात पोचविण्याचा आहे.

सेविकेच्या खांद्यावरचा भार

हे काम अखेर करावयाचे आहे ते अंगणवाडी सेविकेने. वीस-पंचवीस मुलांना दोन तास अर्थपूर्ण खेळात गुंतवून ठेवणे हे कोणत्याही वर्गातील अध्यापनापेक्षा सोपे नाही. त्यासाठी पूर्वतयारी लागते, उसंत लागते आणि मन स्वस्थ लागते. परंतु तिच्याकडे आहारवाटप, गृहभेटी, वजन-उंचीच्या नोंदी, मोबाइलवरील माहिती भरणे आणि वेळोवेळी येणारी सर्वेक्षणे ही कामेही असतात. मुलांसाठी ठेवलेले सकाळचे दोन तास या कामांत विरून जातात. सेविका मानधनावर काम करते म्हणून तिचे काम हलके ठरत नाही. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. त्यातून त्यांच्या कामाचे स्वरूप न्यायदृष्ट्याही अधोरेखित झाले आहे.

कोणी काय करावे

ग्रामपंचायतीचा अधिकार येथे मोठा आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत महिला व बाल विकास हा विषय पंचायतींकडे सोपविण्याच्या यादीत आला. स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करण्याची तरतूदही महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींसाठी आहे. या रकमेतून काय घ्यावे, याचा विचार ग्रामसभेत व्हावा. रंगीत भिंती आणि नामफलक यांच्या आधी पिण्याचे पाणी, लहान मुलांच्या उंचीचे शौचालय, सावलीचे आवार, वाळूचा हौद आणि गोष्टींची चित्रमय पुस्तके यांना स्थान मिळावे. गावातील सुताराकडून लाकडी ठोकळे, कुंभाराकडून माती आणि शिंप्याकडून कापडाच्या चिंध्या मिळू शकतात. यांपैकी बऱ्याच वस्तूंना खर्च असा लागतच नाही.

स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रश्नही पंचायतींनीच हाती घ्यावयाचा आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला आणि डहाणू-पालघरच्या पाड्यांवरून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले नोंदीत एका गावी आणि प्रत्यक्षात दुसऱ्या गावी असतात. वर्षातील कित्येक महिने ती ना या अंगणवाडीत, ना त्या अंगणवाडीत. ज्या गावाच्या शिवारात कोप्या पडतात किंवा भट्टी लागते, त्या गावाने ती मुले आपलीच मानून सेविकेला तेथवर पोचविले, तर बालवाडी मुलांकडे नेण्याचे ताराबाईंचे सूत्र आजच्या परिस्थितीत अमलात येईल.

प्राथमिक शिक्षकांनी अंगणवाडीकडे पहिलीचा पूर्वभाग म्हणून पाहावे. पहिलीत येणाऱ्या मुलाला मुळाक्षरे येत नाहीत, ही सेविकेविरुद्धची तक्रार होऊ शकत नाही. ते मूल गोष्ट ऐकून सांगते काय, वस्तू गटात लावते काय, अनोळखी माणसाशी बोलते काय, हे विचारावे. पहिलीच्या आरंभीचे काही आठवडे खेळाधारित ठेवणारा ‘विद्या प्रवेश’ हा राष्ट्रीय कार्यक्रम २०२१ साली आला आणि राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानातून मातांचे गट जोडण्यात आले. या दोन्हींचा हेतू अंगणवाडी व शाळा यांमधील उंबरठा कमी करणे हाच आहे. शिक्षक आणि सेविका यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

पर्यवेक्षिका, बाल विकास प्रकल्प अधिकारी आणि गट विकास अधिकारी यांच्या भेटीत सहसा नोंदवह्या तपासल्या जातात. नोंदवह्या आवश्यक आहेतच. पण त्या उघडण्यापूर्वी दहा मिनिटे कोपऱ्यात बसून मुलांकडे पाहावे. बोलणारी एकटी सेविकाच आहे की मुलेही बोलत आहेत? मुलांचे प्रश्न ऐकले जातात काय? खेळणी मुलांच्या हाती आहेत की कपाटात कुलुपाखाली? कोणते मूल एकटे बसले आहे आणि का? सुस्थितीतील साहित्य मोडेल या भीतीने कपाटात ठेवलेले असेल, तर मोडलेले साहित्य ही त्रुटी मानली जाणार नाही, असे अधिकाऱ्याने स्वतः सांगावे. तपासणीत जे विचारले जाते तेच अंगणवाडीत जपले जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

आणि पालकांना वही दाखविण्याऐवजी मूल दाखवावे. महिन्यातून एकदा आईवडिलांना बोलावून मुलांच्या हातची मातीची चित्रे, त्यांची गाणी व त्यांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्यासमोर याव्यात, आणि त्या प्रत्येक गोष्टीतून मूल काय शिकले हे सेविकेने साध्या शब्दांत सांगावे. मजुरीला जाणाऱ्या पालकांसाठी ही सभा संध्याकाळी घ्यावी. खेळ हाच अभ्यास, ही गोष्ट भाषणाने पटत नाही; आपले मूल डोळ्यांसमोर बोलू लागले की पटते.

अंगण ही घर आणि गाव यांना जोडणारी जागा आहे. घरातील माया आणि गावातील शहाणपण तेथे एकत्र येते. मुलाच्या पहिल्या शाळेला हे नाव मिळाले ते विचारपूर्वक. सहा वर्षांची ही मुदत प्रत्येक मुलाला एकदाच मिळते आणि तिला मुदतवाढ नसते. ती वाया जाऊ न देणे हे एका सेविकेचे किंवा एका विभागाचे काम नसून साऱ्या गावाचे काम आहे.